विषय: धाकट्याची फुटबॉल अकादमी, जर्मनी की इथेच? मदत हवीय

ऐरोलीची वहिनी लिहिते:

नमस्कार मंडळी,

जर्मनीहून परत येऊन ऐरोलीत बस्तान बसलं तरी मंडळाच्या लिस्टवरून नाव काढलं नाही ते बरंच झालं, आज तुमच्याचकडे विचारायचंय. गणपतीचे फोटो सगळे बघितले, यंदा मखर फारच सुंदर झालंय.

आता कामाचं. धाकटा चौदा वर्षांचा झाला, नववीत आहे. डुइसबुर्गला आमच्या गल्लीच्या टोकाला जो क्लब होता तिथे तो खेळायचा हे काहींना आठवत असेल. इथे आल्यावर मला वाटलं आता सुटेल पण नाही सुटलं, उलट वाढलं, शाळेकडून डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धा, रविवारी टर्फवर, संध्याकाळी कोचिंग क्लासला दांडी मारून पण मैदानात. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत एक गृहस्थ भेटले, त्यांनी त्याचा खेळ बघितला आणि म्हणाले की जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबच्या अकादमीत एक वर्षाचा प्रवेश करून देतो, राहणं, जेवण, शाळा, ट्रेनिंग सगळं एकत्र. रक्कम लाखांत आहे, त्यातली अर्धी आत्ताच भरायची. माहितीपत्रकावर त्या क्लबचा लोगो आहे. हे म्हणतात एफडी मोडू, पोराला पुन्हा अशी संधी येणार नाही. सासूबाई म्हणतात दहावी होऊ दे मग काय ते करा. आणि पोरगा तर मनाने जाऊन पोचलाय तिकडे.

तो मोठा खेळाडू होईल का हे मी विचारत नाहीये, ते कुणालाच सांगता येणार नाही. मला एवढंच कळायला हवंय की अशा अकादमीत शाळा नक्की कशी चालते, कोण शिकवतं, आणि वर्षभराने ते नको म्हणाले तर पोराचं पुढे काय. आणि इथल्या मुलाला असं घेतात का खरंच?

— ऐरोलीची वहिनी

गेल्झनकिर्शनचे काका लिहितात:

अगं, आधी एक कर, नवऱ्याला सांग की एक रुपयाही भरू नकोस. बाकीचं मग सावकाश वाच.

फिफाची खेळाडूंच्या ट्रान्सफरची नियमावली आहे, त्यातलं 19 वं कलम. 18 वर्षांखालच्या मुलाची एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात नोंदणी करता येत नाही. अपवाद आहेत पण मोजके. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने, म्हणजे नोकरीबिकरीसाठी, त्या देशात राहायला गेले तर चालतं. युरोपियन युनियनच्या आतल्या आत 16 ते 18 वर्षांच्या मुलाला चालतं. सीमेजवळ 50 किलोमीटरच्या आत घर असेल तर चालतं. शाळेच्या स्टुडंट एक्सचेंजवर आलेल्या मुलाला एक वर्षापर्यंत खेळता येतं पण फक्त हौशी क्लबात, मोठ्या व्यावसायिक क्लबात नाही. आणि हे सगळं मुलगा 10 वर्षांचा झाला की लागू होतं. हा कागदावरचा नियम नाही बरं का, बार्सिलोनासारख्या क्लबाला याच कलमाखाली 2014 मध्ये शिक्षा झाली आणि 2015 ची दोन्ही ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्याचे वर्षातले ठरलेले दोन्ही काळ, त्यांना नवीन खेळाडू नोंदवता आले नाहीत. पुढे रेआल, अ‍ॅटलेटिको, चेल्सी यांनाही तीच शिक्षा झाली. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांना जे जमलं नाही ते तुम्हाला टर्फवर भेटलेल्या गृहस्थांना कसं जमणार? ते बहुतेक एखाद्या खाजगी संस्थेत पाठवतील, क्लबाचं मैदान तासावर भाड्याने घेतील, एक फोटो काढतील. क्लबाच्या नावाने फी घेऊन चालणाऱ्या फुटबॉल शाळा जगभर आहेत, त्यात वाईट काही नाही, पण ती क्लबाची अकादमी नव्हे. क्लबाला खरंच हवा असलेल्या मुलाकडे कोणी ट्रायलसाठी लाखो रुपये मागत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, शाळेचा, तो मला फार आवडला कारण लोक जिम किती मोठी, बूट कुठल्या कंपनीचे हेच विचारतात.

2000 च्या युरो कप स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहून बाहेर पडली तेव्हा इथे केवढा गहजब झाला होता. त्यानंतर जर्मन फुटबॉल संघटनेने ठरवलं की बुंडेसलिगात, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळायचं लायसन्स हवं असेल तर क्लबाने स्वतःचं युवा केंद्र चालवलंच पाहिजे, पहिल्या डिव्हिजनला 2001 पासून आणि दुसऱ्या डिव्हिजनला त्याच्या पुढच्या वर्षापासून. 2014 चा वर्ल्ड कप जिंकला त्याची मुळं तिथे आहेत हे सगळे सांगतात, पण त्या केंद्रांना शाळा जोडलेल्या आहेत हे फार कमी जण सांगतात. आमच्याकडे शाल्के क्लबाच्या मैदानाला लागून बेर्गर फेल्ड नावाची शाळा आहे, नॉयर, ओझिल, ड्राक्सलर हे जर्मनीचे खेळाडू तिथलेच विद्यार्थी. शाळा सरकारी आहे, फी नाही, आणि फुटबॉलवाली मुलं बाकीच्या मुलांबरोबरच असतात, त्यात आपल्या ओळखीच्यांचीही दोन मुलं होती ज्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नाही. आठवड्यातल्या काही सकाळी सराव वेळापत्रकातच असतो, त्या वेळात बुडालेला गणिताचा किंवा इंग्रजीचा तास नंतर वेगळा घेतात, मॅचसाठी बाहेरगावी गेला तर अभ्यास बरोबर पाठवतात. शाळा आणि क्लब एकमेकांशी बोलत असतात, मार्क घसरले की कोचला कळतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

ड्राक्सलरचं तर मला अगदी आठवतंय. 2011 च्या जानेवारीत सतरा वर्षांचा पोरगा, जर्मन कपात न्यूर्नबर्गविरुद्ध जादा वेळेत अगदी शेवटी येऊन गोल मारला, सगळं गाव वेडं झालं. तेव्हाचे कोच मागाथ यांचं मत पडलं की आता शाळा सोड आणि पूर्ण वेळ फुटबॉल खेळ. त्यावर केवढी टीका झाली, वर्तमानपत्रात, बेकरीच्या रांगेत सगळीकडे तीच चर्चा. शेवटी तो बेर्गर फेल्डमध्ये गेला आणि शिक्षण पूर्ण केलं. ज्याचं करिअर डोळ्यांसमोर सुरू झालेलं होतं त्याच्याबद्दलही गावाचं म्हणणं होतं की शाळा पूर्ण कर.

आणि त्या 16 ते 18 च्या अपवादातसुद्धा फिफाने अट घातलीय की क्लबाने फुटबॉलबरोबर शालेय किंवा व्यवसाय शिक्षणाची हमी द्यायची, म्हणजे खेळ थांबला तर मुलगा दुसरं काही करू शकेल. त्या गृहस्थांना एवढंच विचार की शाळेचं नाव काय, बोर्ड कुठलं आणि शाळेच्या लेटरहेडवर पत्र मिळेल का.

— काका

मँचेस्टरची ताई लिहिते:

वहिनी, काकांनी सगळं सांगितलंच आहे, इंग्लंडचं मी सांगते. ब्रेक्झिटनंतर इथल्या क्लबांना 18 खालचा खेळाडू परदेशातून घेताच येत नाही, युरोपातला असला तरी नाही, त्यामुळे कुणी इंग्लंडचं नाव घेतलं तर तिथेच विषय संपवा.

मी ज्या माध्यमिक शाळेत शिकवते तिथे अकादमीत जाणारी मुलं कायम असतात. 2012 मध्ये प्रीमियर लीगने युवा अकादम्यांसाठी नवी योजना आणली, अकादम्यांची चार वर्गांत वर्गवारी केली, आणि त्यात कोचिंगबरोबर शिक्षणाचीही तपासणी होते. लहान मुलं संध्याकाळी जातात, मोठ्यांना काही ठिकाणी आठवड्यातला एखादा दिवस शाळेतून सोडतात, आणि सगळ्यात वरच्या अकादम्यांत शाळा आणि सराव एकाच वेळापत्रकात बसवतात. मँचेस्टर युनायटेडची मुलं वर्षानुवर्षं अ‍ॅश्टन ऑन मर्सी नावाच्या शाळेत जातात, रॅशफर्ड तिथलाच. मँचेस्टर सिटीची मुलं सेंट बीड्समध्ये, ती खाजगी शाळा आहे, फी क्लब भरतो, फोडेन तिथे शिकला. हाच फोडेन 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला भारतात आला होता आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण वहिनी मला त्या नावांबद्दल नाही लिहायचं. सोळाव्या वर्षी क्लब ठरवतो की कुणाला दोन वर्षांची स्कॉलरशिप द्यायची, त्यात फुटबॉलबरोबर बीटेक (आपली इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, इथला व्यवसाय शिक्षणाचा अभ्यासक्रम) किंवा ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, करावं लागतं, आणि अठराव्या वर्षी पुन्हा ठरवतो की व्यावसायिक करार कुणाला. दोन्ही वेळी बहुतेक मुलांना नाही म्हणतात. आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून ज्याच्या जॅकेटवर तो बिल्ला आहे, वर्गात सगळे ज्याला त्याच नावाने ओळखतात, त्याचा बिल्ला एका मीटिंगमध्ये निघतो आणि सोमवारी तो माझ्या वर्गात येऊन बसतो. मी बघितलेत ते चेहरे, दोन-दोन महिने वहीत एक ओळ नसते. ज्यांचा अभ्यास चालू होता, ज्यांना मॅचखेरीज मित्र होते, ती सावरली, लवकर सावरली. ज्यांना घरून सांगितलं होतं की जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं, बघू नंतर, त्यांना फार जड गेलं. क्रिस्टल पॅलेस या क्लबाने आपण सोडलेल्या मुलांसाठी तीन वर्षांचा आधार कार्यक्रम सुरू केलाय, नोकरी, शिक्षण, मानसिक आरोग्य, सगळ्यात मदत. मला वाटतं कुठल्याही अकादमीला पहिला प्रश्न हाच विचारावा, तुम्ही सोडलेली मुलं आज काय करतात. ज्यांच्याकडे उत्तर आहे ते लगेच सांगतात.

आणि प्रवासाचंही बघा. इथे लहान मुलांसाठी घरापासून मैदान साधारण तासाभरात आणि मोठ्यांसाठी दीड तासात हवं असा दंडक ठेवला होता, कारण त्यापुढे अभ्यास आणि झोप दोन्ही जातात.

— ताई

ठाण्याचा दादा लिहितो:

दीड तास वाचून ताई आमच्या घरी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आमची लेक खेळते, कोलशेतहून मुंबईत कूपरेज मैदानावर मॅच असली की सकाळी घोडबंदरचा ट्रॅफिक, मग ठाणे स्टेशन, मग सीएसएमटी, मग टॅक्सी, आणि येताना तेच उलटं, दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट. वहिनी तुम्हाला तर ऐरोलीहून आधी ट्रान्सहार्बरने ठाण्याला यायचं.

पण मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही जे जर्मनीत शोधताय ते तुमच्या घरापासून दोन स्टेशनांवर आहे, रबाळे गेलं की घणसोली. रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स अकादमी तिथे 2015 पासून आहे, निवासी, पूर्ण शिष्यवृत्तीवर, राहणं, खाणं, शाळा आणि फुटबॉल एकत्र. ती कुठल्या एका क्लबाची नाही, फाउंडेशनची आहे, पण पद्धत तीच. मुलं देशभरातून निवडतात त्यामुळे जवळ राहतो म्हणून काही फायदा नाही, निवड फार अवघड, पण निवड झाली तर पैसे द्यावे लागत नाहीत, एवढा फरक त्या गृहस्थांना दाखवा. 2020 मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा त्यातली मुलं आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या क्लबांनी घेतली, गोव्याकडून खेळलेला नेमिल त्यातलाच. देशात जुनं उदाहरण म्हणजे जमशेदपूरची टाटा अकादमी, 1987 पासूनची. आणि आपल्या राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेतच.

निवड नाही झाली तर काय हे जास्त महत्त्वाचं कारण बहुतेकांची होत नाही. इथल्या काही अकादम्या सरळ सांगतात की शाळा सोडा, एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी द्या, सकाळ मोकळी. एनआयओएस वाईट नाही, मान्यता आहे, पण मग शिकवणार कोण? पुस्तकं घरी येतात, शिक्षक येत नाही. अकादमीत रोज ठरलेल्या वेळी शिकवणारी माणसं असतील तरच तो रस्ता धरावा. आम्ही एका अकादमीत हे विचारलं तर म्हणाले मुलं रात्री आपलं आपलं वाचतात, दिवसभर दोन सराव करून चौदा वर्षांची मुलं रात्री काय वाचणार? आम्ही लेकीला शाळेतच ठेवली, मुख्याध्यापिकांना जाऊन भेटलो, स्पर्धांचं पत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच दिलं, हजेरीचं लेखी करून घेतलं. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्रं लागतात आणि ती अधिकृत स्पर्धांचीच लागतात, टर्फवरच्या चषकांचा तिथे उपयोग नाही. म्हणून डीएसओ आणि शाळांचा सुब्रोतो कप सोडू नका, प्रत्येक कागद जपून ठेवा.

आणि पोराला एक सांगा. 2024 च्या युरो कपात स्पेनचा लामिन यमाल सोळा वर्षांचा होता, स्पर्धेला जाताना गृहपाठ घेऊन गेला होता आणि स्पर्धा चालू असतानाच त्याचा दहावीसारख्या परीक्षेचा निकाल लागला, पास झाला. सतरावा वाढदिवस फायनलच्या आदल्या दिवशी. तो बार्सिलोनाच्या ज्या ला मासिया अकादमीत वाढला तिथे सराव आणि शाळा ही रोजची गोष्ट आहे. आजीचं म्हणणं पोराला पटत नसेल तर हे पटेल.

— दादा

ऐरोलीची वहिनी लिहिते:

काका, ताई, दादा, काय बोलू, तुमची तिन्ही पत्रं यांनी मोठ्याने वाचली, सासूबाईंसकट सगळ्यांनी ऐकली.

त्या गृहस्थांना शाळेचं नाव आणि लेटरहेडवरचं पत्र मागितलं. आधी म्हणाले व्हिसा झाल्यावर मिळेल, मग म्हणाले स्टुडंट एक्सचेंज आहे, मग मी म्हटलं एक्सचेंज म्हणजे हौशी क्लब ना, तर फोन ठेवला. पैसे भरलेले नाहीत. पोराला 19 व्या कलमाचं सगळं समोर बसवून सांगितलं, दोन दिवस जेवताना बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच यमालबद्दल विचारायला लागला. मला त्याचं खूप वाईट वाटतंय, त्याची काही चूक नाही, त्याने तर फक्त चांगला खेळ केला.

घणसोलीची निवड चाचणी पुढे कधी आहे त्यावर लक्ष ठेवतोय. तोपर्यंत खारघरला एक अकादमी बघून यायचीय, शाळा चालू ठेवून आठवड्यातून चार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ असं आहे म्हणे. ताई, सोडलेल्या मुलांचा प्रश्न मी पहिलाच विचारणार आहे. दादा, तुम्हाला या शनिवारी जमेल का? तुम्हाला काय बघायचं ते कळतं, मला नुसतं मैदान हिरवं दिसतं. साडेसहाला ऐरोली स्टेशनबाहेर गाडी घेऊन थांबतो, लेकीलाही आणा, दोघं खेळतील.

— वहिनी