मदत हवी आहे: प्लाझ्मामधून (केडीईचा डेस्कटॉप) अकोनाडी (मेल-कॅलेंडरचा डेटा सांभाळणारी पार्श्वसेवा) आणि मारियाडीबी (डेटाबेस सर्व्हर) कसे काढावे?

डेबियन १२ (लिनक्स), केडीई प्लाझ्मा ५.२७, रॅम ४ जीबी. मेल ब्राउझरमध्येच बघतो, केमेल (केडीईचा मेल प्रोग्रॅम) कधी उघडतही नाही. तरी लॉगिननंतर मारियाडीबीची प्रक्रिया चालू दिसते. पॅनेलवरचं घड्याळ ठेवायचं आणि मागे आख्खा डेटाबेस सर्व्हर पोसायचा, हे अतीच झालं.

'ॲप्टिट्यूड व्हाय' (पॅकेज कशामुळे आलं ते सांगणारी कमांड) ने अवलंबनाची साखळी अशी दाखवली: केडीई-स्टँडर्ड (केडीईच्या नेहमीच्या पॅकेजांचा संच) → केमेल → अकोनाडी-सर्व्हर → अकोनाडीचा मायएसक्यूएल बॅकएंड → मारियाडीबी-सर्व्हर-कोअर. हा सर्व्हर सिस्टिमडीच्या (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) सिस्टिम सेवांमध्ये दिसत नाही, कारण अकोनाडी तो युजरच्याच नावाने सुरू करतं. त्यामुळे सेवा बंद करणाऱ्या 'सिस्टिमसीटीएल डिसेबल' चा उपयोग शून्य.

'अकोनाडीसीटीएल स्टॉप' केलं की थांबतं, पण पुढच्या लॉगिनला पुन्हा हजर. घड्याळाच्या कॅलेंडर सेटिंगमधला 'पीआयएम इव्हेंट्स' (कॅलेंडरमधल्या नोंदी दाखवणारा) प्लगइन अकोनाडीला उठवतो, म्हणून त्याची टिक काढली आहे. तरीही उठतंच.

आता विचारायचं ते असं:

केमेल काढताना केडीई-स्टँडर्डही जातं ('ॲप्ट' या पॅकेज कमांडला '-एस' लावून नुसती तालीम करून पाहिली). आधी केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉपला 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' केलं (म्हणजे स्वतः बसवल्याची खूण), तर नंतरच्या 'ऑटोरिमूव्ह' (गरज न उरलेली पॅकेजं काढणं) मध्ये प्लाझ्मा-एनएम, म्हणजे वायफायचं ॲपलेट, वाचेल का? की त्यालाही वेगळी खूण करावी लागेल?

आणि टिक काढूनही अकोनाडीला उठवणारं दुसरं काय असू शकतं? केऑर्गनायझरच्या (केडीईचा कॅलेंडर प्रोग्रॅम) रिमाइंडरवर संशय आहे.

मारियाडीबीऐवजी एसक्यूलाइट (हलका डेटाबेस) बॅकएंडचा पर्याय माहीत आहे, पण मला अकोनाडीच नको आहे.