मदत हवी: करंट देऊनही ल्युप्रोलाइड कातडीतून उतरत नाही

निशिगंध_एमफार्म: डेझर्टेशन अडकलंय. फ्रान्झ सेलमध्ये (दोन कप्पे, मध्ये कातडी) डुकराच्या कानाची कातडी लावून आयन्टोफोरेसिसने, म्हणजे करंटने ढकलून, ल्युप्रोलाइड हे पेप्टाइड (छोट्या प्रथिनासारखं) औषध सोडतेय. सुरुवातीला थोडं उतरतं, मग फ्लक्स (उतरण्याचा वेग) घसरतो. गाइड म्हणतात करंट वाढव. परवा एचपीएलसीचा (औषध मोजायच्या यंत्राचा) स्लॉट आहे, लवकर सांगा.

कोकणी_केमिस्ट: इलेक्ट्रोड कोणते? औषध कोणत्या टोकाला? बफर (पीएच टिकवणारं द्रावण), पीएच, करंट, क्षेत्रफळ? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

फिजिओताई: औषध निगेटिव्हला ठेवा. टाचदुखीला आम्ही डेक्सामेथासोन फॉस्फेट तसंच देतो, ४० मिलिअँपिअर-मिनिट.

कोकणी_केमिस्ट: ताई, फॉस्फेट ऋणभारित म्हणून तिथे निगेटिव्ह. ल्युप्रोलाइडमध्ये आर्जिनिन हे अमिनो आम्ल आहे, भार धन. पॉझिटिव्हच हवा.

फिजिओताई: बरं. पण करंट वाढवू नका. चौरस सेंटिमीटरला ०.५ मिलिअँपिअरच्या वर पेशंट सहन करत नाही, मग त्या आकड्यांचा उपयोग काय?

सूक्ष्मसुई: १२०० डाल्टनचा (रेणूच्या वजनाचं एकक) रेणू! ५०० च्या पुढे कातडी दाद देत नाही. मायक्रोनीडल घ्या, करंटचा नाद सोडा.

कोकणी_केमिस्ट: सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर विषय बदलायचा? करंट असतो तो ही मर्यादा ओलांडायलाच.

वाडेकर_६२: आईला इन्सुलिनच्या सुया नकोशा झाल्यात. असं मशीन कुठे मिळेल?

फिजिओताई: काका, इन्सुलिनसाठी असं मशीन बाजारात नाही. रेणू ५८०० डाल्टनचा, त्यात सहा-सहा एकत्र येतात. घरच्या टेन्स मशीनवर (दुखण्यावर करंट देणाऱ्या) प्रयोग करू नका, इंजेक्शन बंद करू नका.

निशिगंध_एमफार्म: दोन्हीकडे प्लॅटिनमची तार, औषध पॉझिटिव्हला, पीबीएस बफर पीएच ७.४, ०.५ मिलिअँपिअर. आत्ता डोनरमध्ये (औषधाच्या कप्प्यात) पीएचची पट्टी बुडवली तर लालभडक.

कोकणी_केमिस्ट: मग तिथेच घोळ आहे. प्लॅटिनमवर पाणी फुटतं, डोनर आंबट होतो. प्रोटॉन चपळ, करंट औषधाऐवजी तेच वाहून नेतात. त्यात पीएच ४ च्या खाली गेला की कातडीचा ऋणभार जातो आणि पेप्टाइडला ढकलणारा इलेक्ट्रोऑस्मोसिसचा, म्हणजे करंटमुळे कातडीतून वाहणाऱ्या पाण्याचा, प्रवाह मंदावतो. पॉझिटिव्हला चांदीची तार, निगेटिव्हला सिल्व्हर क्लोराइडचा जाड थर दिलेली चांदी. बफर हेपीस, त्यात थोडंच मीठ: क्लोराइड संपलं तर चांदी कातडीत उतरते, सोडियम जास्त झालं तर औषध मागे पडतं.

पेप्टाइड_पीएचडी: एवढ्याने भागेलच असं नाही. ल्युप्रोलाइड आणि तसंच दुसरं पेप्टाइड नाफारेलिन कातडीच्या ऋण जागांना चिकटतात आणि तो प्रवाह स्वतःच अडवतात. डोनरमध्ये पॅरासिटामॉल घाला. त्याला भार नाही, प्रवाहाबरोबरच जातं. तेही घसरलं तर प्रवाहच मंदावलाय.

कोकणी_केमिस्ट: आधी इलेक्ट्रोड. दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पेप्टाइड_पीएचडी: पॅरासिटामॉल घातल्याने काय बिघडतं? त्याच रनमध्ये दोन्ही उत्तरं मिळतील.

निशिगंध_एमफार्म: चांदीची तार सराफाकडची चालेल का?

कोकणी_केमिस्ट: ९९.९ टक्क्यांची असेल तर. ९२५ नको, त्यात बहुधा तांबं असतं.