पीपीएल (खाजगी वैमानिकाचं लायसन्स) हाती आहे, पण उडण्याचा तास परवडत नाही. विदर्भात विमान कुठं आणि कसं घ्यावं?

पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. दारव्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, घरची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे. वय ३४. तीन वर्षांपूर्वी पीपीएल काढलं. एकूण ५२ तास, सगळे सेसना १५२ या दोन खुर्च्यांच्या छोट्या विमानावर. मला एअरलाइनमध्ये जायचं नाही, सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सचे) २०० तासही करायचे नाहीत. वर्षाला आठ-दहा तास उडायला मिळावं, बसलेला हात मोडू नये, एवढंच पाहिजे.

शेवटचं उड्डाण केलं त्याला चौदा महिने झाले. कारण एकच, पैसा. मला दोन ठिकाणी ताशी १३ हजार आणि १५ हजार सांगितले. आमच्याकडं कोणताही हिशेब कापसात होते. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, म्हणजे एका तासाला दोन क्विंटल कापूस. आणि खेडा खरेदीत हमीभाव कुठं मिळते? आमच्या वावरात एकरी चार-पाच क्विंटल पिकते. एका सकाळी दोन तास उडालो की एका एकराचं पीक गेलं. घरच्यांना हे कसं सांगू?

त्यात एका ठिकाणी दहा तासांचे पैसे आगाऊ भरून बसलो. तीन तास उडालो, मग विमान मेन्टेनन्सला गेलं. उरलेल्या सात तासांसाठी पाच महिन्यांपासून फोन करून राहिलो आहे.

विचारायचं हे, की लायसन्सवाल्याला विमान तासावर घ्यायचे स्वस्त मार्ग कोणते? चौघांनी मिळून जुनं १५२ घ्यावं का? आणि ओळखीतल्या कुणाचं खाजगी विमान असेल, तर तेल-पाणी आणि वर थोडे पैसे देऊन चालवता येते का?

बाबा ७१ वर्षांचे आहेत. लायसन्ससाठी त्यांनी बैलजोडी विकली होती. त्यांना एकदा बाजूला बसवून आपलं शिवार वरून दाखवायचं आहे. म्हणून घाई.

जुना मास्तर (नागपूर)

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात लायसन्स जाऊ शकतं. खाजगी वर्गात नोंदलेलं विमान भाडं घेऊन देता येत नाही. मालक तेलाच्या नावाखाली पैसे घेईल, पण उद्या चाक घसरलं आणि विमा कंपनीनं हात वर केले, तर तुमची नऊ एकर पुरणार नाही. तो विचार सोडा.

आपल्याकडं परदेशासारखं चावी घेऊन विमान नेण्याचं काउंटर नाही. फ्लाइंग क्लब किंवा प्रशिक्षण संस्थेचं सभासद व्हायचं आणि त्यांच्या विमानावर तास घ्यायचे, हाच रस्ता. पण तिथं लोक फक्त दर विचारतात आणि फसतात. पैसे हवेतल्या वेळेचे नसतात, चॉक्स (चाकांखालचे अडसर) काढल्यापासून चॉक्स लावेपर्यंतचे असतात. नागपूरच्या मैदानावर प्रवासी विमानं आहेत, हवाई दल आहे. इंजिन चालू ठेवून थांबावं लागलं की पंधरा-वीस मिनिटं जमिनीवरच जळतात. चंद्रपूरजवळ मोरव्यासारख्या शांत पट्टीवर तेच काम पाच मिनिटांत होतं. म्हणून १५ हजारांचा शांत मैदानावरचा तास १३ हजारांच्या गर्दीतल्या तासापेक्षा स्वस्त पडू शकतो. दर विचारताना सोबत हेही विचारा: जीएसटी धरून का, लँडिंग-पार्किंग कोणाचं, इंधन धरून का.

१५२ सोडू नका. ते तासाला साधारण २२-२३ लिटर विमानाचं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅवगॅस पितं, चार खुर्च्यांचं सेसना १७२ बत्तीसच्या पुढं जातं. एकटं उडायचं असेल तर मागच्या दोन रिकाम्या खुर्च्यांचं पेट्रोल कशाला भरायचं? अ‍ॅवगॅस आधी पूर्ण आयातीवर होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीतून देशी अ‍ॅवगॅस काढलं, ही आपल्यासारख्यांसाठी खरंच मोठी गोष्ट आहे.

आणि मे महिन्यात दुपारचा स्लॉट कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. नागपूरची उंची हजार फुटांच्या वर, त्यात ४५ डिग्री. हवेच्या घनतेच्या हिशेबानं विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवरून उडतोय. ११० अश्वशक्तीच्या इंजिनाला दोन माणसं घेऊन चढताना धाप लागते. बाबांना न्यायचं ते डिसेंबर-जानेवारीत, सकाळी धुकं विरल्यावर.

तुमचा खरा खर्च चौदा महिन्यांच्या खंडात आहे. आता कुठंही गेलात तरी आधी इन्स्ट्रक्टरसोबत चेक घ्यावा लागेल, त्यात दीड-दोन तास सहज जातील. दर पाच-सहा आठवड्यांनी एक तास उडलात तर तो खर्च पुन्हा पुन्हा येणार नाही.

उडती मैना (गोंदिया)

मास्तरांचा मान राखून थोडं वेगळं सांगते. दारव्ह्याहून नागपूर एसटीनं चार-साडेचार तास, म्हणजे सकाळच्या स्लॉटसाठी आदल्या रात्री मुक्काम आलाच. दर पाच आठवड्यांनी एका तासासाठी हे केलं तर जाण्या-येण्यात, लॉजमध्ये आणि बंद दुकानात अर्ध्या तासाचे पैसे जातात. त्यापेक्षा दिवाळीनंतर तीन दिवस आणि फेब्रुवारीत तीन दिवस असे दोन हप्ते करा दादा.

मी सीपीएलसाठी तास जमवत होते तेव्हा माझ्यासारखीच एक मैत्रीण धरली होती. जाताना ती चालवायची, येताना मी, मध्ये दुसऱ्या मैदानावर उतरून खुर्च्या बदलायच्या. जिची फेरी तिचे पैसे. बाजूला बसलेलीला लॉगबुकात काही मिळत नाही, पण रेडिओ, नकाशा, हवामान सगळं डोळ्यांखालून जातं. एका तासाचे पैसे देऊन हात दोन तास ताजा राहतो. तुमच्यासारखे हौसेनं उडणारे अजून एक-दोन जण क्लबमध्ये नक्की सापडतील.

आगाऊ पैशांबद्दल वाचून वाईट वाटलं. दोन तासांपेक्षा जास्त कधीही भरायचे नाहीत, कितीही सूट दिली तरी. उरलेल्या सात तासांसाठी फोन बंद करा, पावतीच्या प्रतीसह लेखी पत्र पोच मिळेल अशा स्पीड पोस्टनं पाठवा. पंधरा दिवसांची मुदत लिहा. उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

पाना-पकड (अकोला)

मी विमान देखभालीचं काम करतो, म्हणून चौघांत विमान घेण्याबद्दलच बोलतो. सेसना १५२ बनली १९७७ ते १९८५ मध्ये. सगळ्यात नवं घेतलं तरी चाळिशीतलं. इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) २,४०० तासांना, त्याला किती उरले हे पाहिल्याशिवाय किंमत बोलूच नका. दर ५० आणि १०० तासांची तपासणी, वर्षाला एआरसी (विमान उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र), विमा, हँगर. हे विमान उडो न उडो, द्यावंच लागतं. चौघं दहा-दहा तास उडणार म्हणजे वर्षाला चाळीस तास. तेवढ्यावर हा खर्च वाटला तर क्लबचा १५ हजारांचा दर तुम्हाला गोड लागेल. शिवाय कमी उडणारं इंजिन आतून गंजतं, खास करून आपल्या पावसाळ्यात. नका घेऊ.

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. विमान घ्यायचं डोक्यातून काढलं, खाजगीवाल्यालाही नाही म्हणून सांगितलं. पत्र आजच लिहितो.

मास्तर, अजून एक विचारू का? बाबांना घेऊन यवतमाळच्या पट्टीवर उतरता येईल का? शिवार तिथून जवळ आहे.

जुना मास्तर (नागपूर)

उतरायला पट्टी चालवणाऱ्यांची आगाऊ परवानगी आणि क्लबची संमती लागेल, आणि दोन्ही वेळ खातात. मी म्हणेन पहिल्या खेपेला उतरू नका, वरून फिरून या. फ्लाइट प्लॅन भरा, हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर घ्या, क्लबचा विमा सोबतच्या माणसाला धरतो का ते लेखी विचारा. वजनाचा कागद बाबांचं खरं वजन काट्यावर घेऊनच भरा, अंदाजानं नाही. आणि शिवारावर खाली जाण्याचा मोह नको. दीड हजार फुटांवरून पऱ्हाटीच्या ओळी दिसत नाहीत, पण विहीर, धुरा आणि गोठ्याचं टिनाचं छप्पर स्वच्छ दिसतं.

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

गोठ्यावर टिनच आहे. बाबांचं वजन उद्या दुकानातल्या काट्यावर करतो.