लाईट गेल्यावर तिघं एकदम थांबले कसे?

प्रश्न (परभणी)
नमस्कार मंडळी. मी तीस वर्षं तबला वाजवतोय, भजनी मंडळापासून ख्यालाच्या साथीपर्यंत. परवा संभाजीनगरला एका छोट्या सभागृहात तिघांचं जॅझ ऐकलं: क्लॅरिनेट, चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं), डबल बास (त्याहून मोठं, खर्जाचं). ड्रम नाही, माईक नाही, समोर कागद नाही. आधी काहीच ठरवलेलं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

मी मांडीवर मात्रा मोजत बसलो. सोळा बसेना, दहा बसेना, सात बसेना. चेलोवाल्यानं तारांत कागदाची घडी खोचली आणि सुपात ज्वारी पाखडावी तसा आवाज निघाला. क्लॅरिनेटवाला कितीतरी वेळ फुंकतच नव्हता, नुसत्या कळा दाबत होता. शेजारचे दोघं उठून गेले. खरं सांगतो, मलाही उठावंसं वाटलं.

तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर काही सुरू होईना. वादन मात्र चालूच! पंख्यांची घरघर थांबल्यावर बासच्या तारेवरून बोट घसरलेलंही शेवटच्या रांगेत ऐकू येत होतं. दहाएक मिनिटांनी तिघं थांबले, एकदम. तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून शेवट करणं) नाही, नजरानजर नाही, अंधारात दिसणार काय? आपल्याकडे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र यायला आयुष्य जातं. ह्यांना समच नव्हती, मग एकत्र आले कुठे? दोन रात्री हेच डोक्यात आहे.

उत्तर १ (लातूर)
दादा, मी गाणं शिकवते. आपल्या आलापातही ताल नसतो, पण मागं तानपुरा असतो, षड्ज, म्हणजे सा, सुटत नाही. ह्यांचा षड्जही कायम नाही. आधार एकच, दुसऱ्यानं आत्ता काय सोडलं. मोजणं बंद करून तेवढंच ऐकून बघा.

उत्तर २ (संभाजीनगर)
ही वाट जुनी आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत ड्रमवादक चिको हॅमिल्टनच्या पाच जणांच्या गटात फ्रेड कॅट्झ चेलो वाजवत होता. १९६१ मध्ये जिमी जुफ्रीनं क्लॅरिनेट, पॉल ब्लेचा पियानो आणि स्टीव्ह स्वॅलोचा बास असं त्रिकूट केलं, ड्रमशिवाय. ड्रम काढला की ताल सांभाळायचं काम तिघांत वाटलं जातं आणि शांततेला जागा होते. तेव्हा ऐकणारे फार नव्हते. एका रात्री प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेंट आले आणि गट मोडला, असं सांगतात. आज तीच रेकॉर्डिंगं लोक शोधून ऐकतात. तुम्ही शेवटपर्यंत बसलात, फार बरं वाटलं.

उत्तर ३ (नांदेड)
काका, मी वरातीच्या बँडात क्लॅरोनेट वाजवतो. माझ्या मते ते क्लॅरिनेटवाल्याच्या श्वासावर थांबले. दम सरत आला की सूर आधी पातळ होतो, मग कडेनं हवा फुसफुसते. वरातीत हे कुणाला ऐकू येतंय! पंखे बंद, सगळे चूप, म्हणून त्या दोघांना ऐकू आलं. त्यानं पुन्हा दम घेतला नाही, तिथंच त्यांनी ओळखलं.

प्रश्नकर्ता
बँडवाल्या भावा, बरोबर! शेवटी हवेचा आवाज आला होता, मला वाटलं कुणी उसासा टाकला. काल रात्री दिवा मालवून शिष्याला बासरी वाजवायला बसवलं आणि मी डग्ग्यावर नुसता तळवा घासत राहिलो. चारदा चुकलो, त्याचा दम संपला तरी माझा हात चालूच. पाचव्यांदा दोघं बरोबर थांबलो. आज पुन्हा बसतोय.