रस्सा पार्सलला स्टीलचे डबे द्यायचेत, पण परत आलेल्या उष्ट्या डब्यांचं काय?

पाट्यावरचा_मसाला, कोल्हापूर

राम राम मंडळी. राजारामपुरीत आमची छोटी खानावळ आहे. चुलीपाशी आई, गल्ल्यावर मी. टेबलं सहाच, पण रविवारी मटणाची साठ-सत्तर पार्सलं जातात. सुकं काळ्या प्लास्टिकच्या डब्यात, तांबडा-पांढरा पिशवीत रबर लावून. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा चार दिवस सगळं बंद केलं होतं, मग जरा जाड माल आणून परत तेच. उकळता रस्सा ओतला की पिशवी हातात मऊ पडते, ते बघून मलाच कसंतरी होतं.

माझ्या लहानपणी लोक किटली घेऊनच यायचे. म्हणून दिवाळीनंतर पाटी लावली, ‘स्वतःचा डबा आणा, दहा रुपये कमी’. पहिल्याच आठवड्यात एक काका किटली घेऊन हजर. झाकण उघडलं तर आत कडेला ताकाचा वाळलेला थर. दुकानात गर्दी, मी तशीच आत सरकवली, पोरानं पातेल्यावर धरून पळीनं भरली. रात्री काका परत, रस्सा आंबला म्हणून. पैसे देऊन टाकले. आई पैशावरनं चिडलीच नाही. ‘त्यांची खरकटी किटली माझ्या पातेल्यावर धरलीसच कशी?’ एवढंच. पातेल्यातला उरलेला सगळा रस्सा तिनं मोरीत ओतला.

आता मी चाळीस क्लिपवाले स्टीलचे डबे आणलेत, झाकणाला रबरी रिंग असलेले. दीडशे रुपये अनामत, डबा आणला की पैसे परत. हे धुवायचे कसे, म्हणजे आईपण हो म्हणेल? आणि लोकांच्या डब्याला सरळ नाही म्हणू का?

कॅन्टीन_मुकादम, सांगली

आईंचं बरोबर आहे. चारशे ताटांचं कॅन्टीन बघतो, त्या अनुभवावरनं सांगतो.

परत आलेला डबा स्वयंपाकघरात न्यायचाच नाही. मागच्या दाराला वेगळा टब ठेवा. खरकटं काढा, गरम पाणी आणि साबणानं घासा, साध्या पाण्यात काढा. मग जाळीच्या पाटीत घालून कडक पाण्यात पाटी बुडवा. पाणी ७७ अंशांच्या वर, वेळ निदान अर्धा मिनिट. शंभर रुपयांची तर्री वाया गेली समजा आणि थर्मामीटर घ्या, बोट घालून अंदाज नको. बाहेर काढून जाळीवर उपडे. फडक्यानं पुसायचं नाही, अख्ख्या हॉटेलात सगळ्यात घाण वस्तू म्हणजे ते फडकं. आणि ओलसर डब्याला झाकण लावून थप्पी मारली तर सकाळी वास येणारच.

खरी गोम त्या रिंगमध्ये आहे. तांबड्याचा कट खोबणीत जाऊन बसतो, वरनं झाकण चकचकीत दिसतं. दर वेळी रिंग काढा, खोबणीत जुना टूथब्रश फिरवा. चिरलेली रिंग फेकायची, जास्तीच्या आणून ठेवा.

लोकांच्या डब्याला नाही म्हणू नका. तो गल्ल्याच्या अलीकडेच राहील, ताटात ठेवलेला. आतनं तुमच्या मापात रस्सा आणा आणि वरनं ओता, माप डब्याला टेकता कामा नये. डबा अस्वच्छ दिसला तर तुमचा द्या. आणि कल्हई उडालेल्या पितळीत सोलकढी कुणी मागितली तरी घालू नका.

तिखटजाळ

मी गिऱ्हाईक. दीडशे अनामत कमी आहे हो! तेवढ्यात असा डबा बाजारात मिळत नाही, आमच्या घरात तुमच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी नांदेल. दुसरं, उकळता रस्सा भरून लगेच क्लिपा लावू नका. घरी पोचेस्तोवर झाकण असं बसतं की उघडायला शेजारचे बोलवावे लागतात. वाफ जरा जाऊ द्या.

कॅन्टीन_मुकादम, सांगली

@तिखटजाळ वाफ दोन मिनिटं जाऊ दे, पण उघडा ठेवून गार नको. ६० अंशांच्या खाली आलं की जंतूंचं फावतं. पांढऱ्यात नारळाचं दूध, तो आधी नासतो. पार्सलं आधी भरून रांग लावू नका, माणूस आला की भरा.

परळकर

मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करतात की. फरक एवढाच, तिथं डबा ज्या घरचा त्याच घरी परत जातो, झाकणावर खूण असते. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे डबे नंबर घालून वेगळे ठेवा. ज्याचं उष्टं त्यालाच!

पाट्यावरचा_मसाला, कोल्हापूर

कळवायचं राहिलं होतं. अनामत अडीचशे केली, नंबर कोरून घेतले. पहिल्या रविवारी चौदा डबे गेले, अकरा आले. आईनं मागच्या दाराला स्वतः टब मांडलाय, थर्मामीटर तिच्याच ताब्यात, पोरांना हात लावू देत नाही. रिंग नाकाशी धरून बघते, वास आला की परत टबात.

सात नंबर काल आला. संक्रांत झालेली, रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून वहिनींनी तिळाच्या वड्या भरून पाठवल्या. आई त्या डब्याकडं बराच वेळ बघत होती. शेवटी वड्या आमच्या ताटात काढल्या आणि डबा टबात.