पहिल्यांदाच टीमसोबत हॅम रेडिओ कॉन्टेस्टला बसून राहिलो, पाइलअपची (एकाच वेळी अनेक स्टेशन हाक मारतात त्याची) भीती वाटते

हिंगणा_हॅम:
ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला सीक्यू वर्ल्डवाइड फोन (बोलून संपर्क करायची जागतिक स्पर्धा) आहे, त्यात सीनिअर लोकांनी मला मल्टी-ऑप (एकाच स्टेशनवर अनेक ऑपरेटर) टीममध्ये घेतलं. मागच्याच वर्षी लायसन आलं, आजवर नुसत्या निवांत गप्पा मारल्या, पाइलअप कधी चालवला नाही. शनिवारी सकाळी ५:३० ला सुरू होते आणि पहिलीच शिफ्ट माझी. कॉल (समोरच्या स्टेशनचं अक्षर-आकड्यांचं नाव) चुकीचा लिहिला तर टीमचं नुकसान होते का?

जुना_व्हीयू२:
होते ना, तो क्यूएसओ (संपर्क) कापतात आणि वरून दंड पण लावतात. म्हणून घाई करू नको. पाच जण एकदम ओरडले आणि तुला फक्त "किलो" (म्हणजे K अक्षर) कळलं, तर "किलो, ५९ २२" म्हण अन् त्यालाच धरून ठेव, मधात दुसरा कितीही जोरात आला तरी त्याला घेऊ नको, एकदा घेतला की सगळेच बोंबलतात. ५९ म्हणजे सिग्नलचा रिपोर्ट, तो तर सिग्नल मरतुकडा असला तरी सगळेच देतात. २२ आपला झोन, म्हणजे जगाच्या नकाशावरचा आपला भाग. ऐकायचं ते कॉल आणि समोरच्याचा झोन.

धरमपेठकर:
सूर्य वर आला की १५ मीटर बँडवर जपान धो धो येते, मजा येते, पण आशियातला देश म्हणून १ च पॉइंट. दुपारून युरोप उघडला की एकेकाचे ३. म्हणून सकाळभर जपानवरच खूश होऊन बसू नका भाऊ. आपल्या व्हीयूवाल्याचा (भारतीय स्टेशनचा) पॉइंट शून्य, पण मल्टिप्लायर (ज्याने एकूण पॉइंट गुणतात तो) मिळतो, प्रत्येक बँडवर एक तरी घेऊन टाका.

सेमिनरी_हिल्स:
आमची फजिती ऐका. दोन रेडिओ लावले अन् बँडपास फिल्टर (दुसऱ्या बँडचा सिग्नल अडवणारा) एकाच्या घरीच राहिला, ४० वर कोणी माइक दाबला की २० वर नुसता खरखराट, फिल्टर येईपर्यंत एकाच रेडिओवर बसलो. दुसरं म्हणजे लॅपटॉपची वेळ. लॉग (संपर्कांची नोंद) यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत पाहिजे, आमच्याकडे साडेपाच तास पुढं चालून राहिला होता, कोणाच्या लक्षातच नाही.

हिंगणा_हॅम:
थँक्यू दादा, घड्याळ आजच पाहतो. तर्री पोहे कोणाकडे असतात?

जुना_व्हीयू२:
नवीन माणसाकडे. आम्ही आठ जण आहो.