सुरक्षित मनोरुग्णालयातील भाऊ: इंग्लंडमध्ये त्याच्या कुटुंबाला काय मागता येते?

प्रश्न (थोरली):
माझा धाकटा भाऊ इंग्लंडमधील मध्यम सुरक्षेच्या एका मनोरुग्णालयात आहे. भ्रमाच्या अवस्थेत त्याने वडिलांवर हल्ला केला आणि न्यायालयाने १९८३ च्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टच्या कलम ३७ (शिक्षेऐवजी रुग्णालयात उपचार) व ४१ (सुटकेवर निर्बंध) खाली त्याला तेथे पाठवले. वडील शरीराने सावरले असले, तरी त्याचे नावही काढू देत नाहीत. आई मात्र नियमाने भेटीला जाते. माहिती देण्यास त्याने संमती नाकारल्यामुळे वॉर्डमधून आम्हाला काहीच सांगितले जात नाही. जन्मदाती म्हणून आपण त्याला घरी सोडण्याची मागणी करू शकतो, असा आईचा समज आहे. तिची झोप उडाली आहे, आणि ओळखीच्यांना 'तो कामानिमित्त दूर आहे' एवढेच सांगत असल्याने मन मोकळे करायलाही तिला कोणी उरलेले नाही. आम्ही कोणाकडे काय मागावे?

उत्तर (माजी समाजकार्यकर्ती):
ताई, आईंचा समज आधी दूर करा, कारण त्यांची सारी आशा त्यावरच उभी दिसते. कलम ३ खालील, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना उपचारासाठी दाखल केलेल्या, रुग्णाच्या 'निअरेस्ट रिलेटिव्ह'ला (कायद्याने ठरवलेल्या जवळच्या नातेवाइकाला) सुटकेबाबत काही अधिकार असतात. कलम ४१ चे निर्बंध असलेल्या रुग्णाला मात्र ती तरतूद लागूच होत नाही. बाहेर जाण्याची रजा असो वा दुसऱ्या रुग्णालयात हलवणे असो, डॉक्टरांना न्यायमंत्र्यांची संमती घ्यावी लागते आणि सुटकेचा निर्णयही मंत्री किंवा ट्रायब्यूनलच्या (स्वतंत्र न्यायाधिकरणाच्या) हाती असतो. त्यामुळे वॉर्डमधील परिचारिकेशी वाद घालून काही साधत नाही.

संमती नसताना कर्मचारी त्याची माहिती देत नाहीत हे योग्यच आहे. परंतु तुमचे म्हणणे ऐकून घेण्यास गोपनीयता आड येत नाही, आणि नेमके हेच बहुतेक कुटुंबांना कोणी सांगत नाही. आजार बळावू लागला की त्याच्या वागण्यात आधी काय बदलते, पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला, कोणाशी बोलल्यावर तो शांत होतो, हे सारे लेखी कळवा. त्यातील काही त्याला कळू नये असे वाटत असेल तर तसे पत्रात स्पष्ट नमूद करा, कारण स्वतःच्या नोंदी मागण्याचा त्याला हक्क आहे. आजाराची आणि वॉर्डच्या नियमांची सर्वसाधारण माहिती तर संमतीविनाही मिळते. शिवाय नकार कायमचा नसतो. 'सगळे सांगू द्या' असे म्हणण्याऐवजी 'प्रकृती भेटण्याजोगी आहे का, एवढे तरी कळवू द्या' अशी मर्यादित संमती त्याच्याकडे अधूनमधून मागायला सांगा.

उत्तर (एका रुग्णाचे वडील):
आईंसाठी कौन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) काळजीवाहकाचे मूल्यमापन, म्हणजे त्यांना कोणता आधार हवा याची पाहणी, मागा. केअर अ‍ॅक्ट २०१४ च्या कलम १० ने तो हक्क दिला आहे. 'काळजी तर रुग्णालय घेते, मग तुम्ही काळजीवाहक कसे?' असा प्रश्न मला ऐकावा लागला होता. त्याच कलमात काळजीच्या व्याख्येत भावनिक आधारही धरलेला आहे, हे दाखवून द्या. अर्ज भाऊ दाखल होण्यापूर्वी जेथे राहत होता तेथील कौन्सिलकडे करा. केअरर्स अलाउन्सवर (काळजीवाहकाच्या सरकारी भत्त्यावर) मात्र फारशी भिस्त ठेवू नका, कारण त्यासाठी आठवड्याला किमान ३५ तासांची काळजी घेत असल्याची अट आहे.

पैशापेक्षाही मला नातेवाइकांच्या गटाचा उपयोग झाला. अनेक सुरक्षित युनिटांमध्ये असा गट भरतो. तेथे खोटे सांगावे लागत नाही, आणि 'त्याने केले तरी काय?' असे कोणी खोदून विचारत नाही. आईंना इंग्रजीत बोलणे जड जात असेल तर युनिटकडे दुभाषी मागा. दर वेळी मुलीनेच मध्ये बसून आईचे दुःख भाषांतरित करणे दोघींवरही अन्याय आहे.

थोरली:
आभारी आहे. एक अवघड गोष्ट विचारते. वडिलांना तो घरी यायला नको आहे. हे युनिटला सांगितले तर त्याची सुटका लांबेल का?

उत्तर (माजी समाजकार्यकर्ती):
न सांगितल्यास ती लांबण्याची शक्यता अधिक आहे. सुटका सहसा अटींसह होते आणि त्याने कोठे राहावे हा त्यातील मुख्य प्रश्न असतो. घर गृहीत धरून योजना आखली आणि तुम्ही शेवटच्या क्षणी नकार दिला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मेंटल हेल्थ अ‍ॅक्टच्या कलम ११७ खाली नंतरच्या काळजीची व्यवस्था करणे हे आरोग्य यंत्रणेचे आणि कौन्सिलचे कर्तव्य आहे, आणि ती विनामूल्य असते. घरी घेण्यास असमर्थता कळवणे म्हणजे त्याला टाकून देणे नव्हे, हे आईंनाही समजावून सांगा.

वडिलांची बाजू वेगळी आहे. ते पित्याबरोबर पीडितही आहेत. गंभीर हिंसक गुन्ह्यात कलम ४१ चे निर्बंध लागले असतील, तर प्रोबेशन सेवेच्या (गुन्हेगारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी सेवेच्या) पीडित संपर्क योजनेत सहभागी होण्याचा पर्याय पीडिताला असतो. तेथील अधिकाऱ्यामार्फत, मुलाने घराच्या परिसरात येऊ नये किंवा आपल्याशी संपर्क साधू नये, अशा अटींची विनंती ते करू शकतात, आणि त्यामुळे आईंच्या भेटी आपोआप थांबत नाहीत. दोघांचे म्हणणे एकाच पत्रात मात्र घालू नका. आईंचे पत्र युनिटच्या समाजकार्यकर्त्याकडे द्या, आणि वडिलांना स्वतंत्रपणे व त्यांच्या सवडीने बोलू द्या.